अ‍ॅडमिशन त्याची, फाईल घराची

धाकटा भाऊ एमबीएला फ्रान्सला जाऊन आता काही महिने झाले आणि तेव्हापासून ऑफिसात, लग्नकार्यात, ठाणे स्टेशनच्या पुलावर, जो भेटतो तो मला एकच विचारतो, जीमॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास कुठला लावला होता गं. मग दुसरा प्रश्न कन्सल्टंट कोण, तिसरा स्कोअर किती. घराचे कागद कसे होते हे अजून एकानेही विचारलेलं नाही, आणि माझं प्रामाणिक मत आहे की मुंबईतल्या साध्या नोकरदार घरातलं पोर बाहेर एमबीए करायला निघत असेल तर पहिला प्रश्न तोच पाहिजे. अ‍ॅडमिशन पोराच्या हुशारीवर मिळते, लोन घराच्या फायलीवर. आणि आमची ती फाईल गोदरेजच्या कपाटात आईच्या पैठणीखाली होती, अर्धी.

तर मी त्याची ताई, लग्न होऊन ठाण्यात, नोकरी बीकेसीत, आणि लोनवर को-अ‍ॅप्लिकंट. बाबा पोर्ट ट्रस्टमधून रिटायर झालेत, पेन्शन व्यवस्थित आहे पण बँकेला चालू पगाराची स्लिप लागते, म्हणून माझं नाव घातलं. आमच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही, "लग्न झालेल्या मुलीला कशाला गुंतवता रे यात" वगैरे. नवरा तेव्हा काही बोलला नाही, बोलला ते नंतर, त्यावर येतेच.

जीमॅटचं आधी उरकून टाकते म्हणजे इनबॉक्स जरा शांत होईल. आता जी परीक्षा चालू आहे ती २०२३ च्या शेवटी आलेली नवीन, क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे तीनच भाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि स्कोअर २०५ ते ८०५ च्या मध्ये. त्यामुळे कुणाच्या मामेभावाचा २०१५ सालचा ७४० ऐकून हातपाय गाळू नका, ते स्केलच वेगळं, जुना ७०० म्हणजे आताचा साधारण ६४५ धरतात. स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणून नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात, अभ्यासाची सवय अंगात आहे तोवर देऊन टाकलेली बरी. आमचा व्हीजेटीआयचा इंजिनिअर, त्याला क्वांटचं काही वाटलं नाही, व्हर्बलने रडवलं. बाकी भारतीय, मुलगा, इंजिनिअर, आयटीत चारपाच वर्षं, या वर्णनाची गर्दी प्रत्येक नावाजलेल्या बी-स्कूलच्या दाराशी असते, नुसत्या स्कोअरने त्यातून कुणी वर येत नाही.

मग निबंध. त्याचा पहिला ड्राफ्ट मी ट्रेनमध्ये वाचला आणि अक्षरशः जांभई आली. क्रॉस-फंक्शनल टीम, स्टेकहोल्डर, इम्पॅक्ट, कुणाचंही नाव घातलं तरी चाललं असतं. कन्सल्टंटने त्याच्यासाठी जो आकडा सांगितला त्यात आमच्या घराला रंग काढून झाला असता, म्हणून शेवटी आम्हीच बसलो. मी म्हटलं, सोसायटीचं लिही. झालंय काय की आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये कुणी खजिनदार व्हायला तयार नव्हतं म्हणून हा सव्वीसाव्या वर्षी झाला, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च तळमजल्याने का द्यायचा या एका मुद्द्यावर दोन वर्षं चाललेलं भांडण त्याने मिटवलं होतं. तळमजल्यावरच्या काकांना त्याने तीन वर्षांचा हिशोब घरी नेऊन दाखवला, दुरुस्तीचे जुने खर्च कुणी कुणासाठी भरले ते कागदावर मांडलं, आणि पुढच्या जनरल बॉडीत तेच काका उठून म्हणाले की हे देऊन टाका. "ताई, हे काय लीडरशिप आहे का?" त्याला पटायलाच वेळ लागला. पण मग जे लिहिलं ते वाचताना तो माणूस दिसत होता.

रेकमेंडेशनची गंमत सगळीकडे सारखीच असावी, बॉस म्हणाला तूच लिहून आण, मी सही करतो. ते चालत नाही, कॉलेजं थेट बॉसच्या ऑफिसच्या ईमेलवर लिंक पाठवतात आणि ते त्याने स्वतःच लिहायचं असतं. धाकट्याने काय केलं, कुठल्या प्रोजेक्टमध्ये काय झालं, कुठे त्याची चूक निघाली, याची एक पानभर आठवण-यादी बॉसला दिली आणि कॉफीवर बसून बोलला. चांगले दोन महिने आधी. बॉसच्या अप्रेझलच्या हंगामात हे मागायला जाऊ नये.

आता कॉलेज निवडणं. धाकट्याकडे रँकिंगची यादी होती, माझ्याकडे एक्सेल. मी त्यात एकच कॉलम आधी भरला, कोर्स किती महिन्यांचा. कारण हे कुणी नीट सांगत नाही, अमेरिकेतले बहुतेक एमबीए दोन वर्षांचे, फ्रान्समधल्या इन्सिआडचा दहा महिन्यांचा, एचईसी पॅरिसचा सोळा, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे एक वर्षाचे, आणि महिने वाढले की फी, राहणं, बुडालेला पगार आणि व्याज असे चारही आकडे एकदम वाढतात. हार्वर्डचं स्वतःचंच २०२५-२६ चं बजेट एकट्या विद्यार्थ्याला वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या वर आहे, दोन वर्षांचे रुपये करून बघा, मुलुंडला बऱ्यापैकी वन बीएचके येतो. आणि तिथे मदत मिळते ती घरची परिस्थिती बघून, मार्कांवर नाही. इन्सिआडची नुसती फीच लाख युरोच्या वर. स्वस्त काहीच नाही हो यात, फक्त महाग आणि फार महाग.

व्याजाचं एकदा नीट मांडून दाखवते कारण बाबांनाही तेव्हाच समजलं. समजा ६० लाखांचं लोन, व्याज साडेदहा टक्के, परतफेड दहा वर्षं. कोर्स दोन वर्षांचा, त्यानंतर सहा महिन्यांची सवलत, म्हणजे अडीच वर्षं हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलली असं धरलं तर साधं व्याजच पावणेसोळा लाख होतं, ते मुद्दलात गेलं की हप्ता बसतो महिन्याला १ लाख २ हजारांच्या आसपास. तेच ६० लाख दहा महिन्यांच्या कोर्सला घेतले तर सोळा महिन्यांचं व्याज ८ लाख ४० हजार आणि हप्ता ९२ हजार. प्रत्यक्षात पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात म्हणून व्याज थोडं कमी भरतं, पण अंदाज येतो. काही सरकारी बँका शिकत असतानाचं व्याज दर महिन्याला भरत गेलात तर दरात एक टक्का सूट देतात, हे मॅनेजर आपणहून सांगेलच असं नाही, विचारायचं. मुलींना काही ठिकाणी अर्धा टक्का वेगळी सूट असते, तेव्हा मी धाकट्याला म्हटलं मीच जाते, तू को-अ‍ॅप्लिकंट हो.

त्याला शेवटी दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळाली, एक अमेरिकेत, स्कॉलरशिपशिवाय, आणि एक एचईसीला, थोडी फीमाफी मिळून. घरात दोन पक्ष पडले. आई अमेरिकेच्या बाजूने कारण तिची मावसबहीण न्यू जर्सीत आहे (अ‍ॅडमिशन त्या गावापासून विमानाने पाच तासांवर होती, पण ते असो). अमेरिकेचा हिशोब असा असतो की डिग्रीनंतर बारा महिने ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच, काम करता येतं, कोर्स स्टेम म्हणून, म्हणजे सायन्स-टेक्नॉलॉजीच्या गटात, नोंदलेला असेल तर अजून चोवीस महिने, आणि या काळात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागायला हवी, जिथे वर्षाला एकूण ८५ हजारच जागा. म्हणजे ६०-७० लाखांचं नाही तर दीड-दोन कोटींचं कर्ज काढून चिठ्ठीवर बसायचं. आम्ही एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्स नक्की केलं. मेअखेर अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणंच काही आठवडे थांबवलं, आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा बाबा टीव्हीकडे बघत फक्त "हं" म्हणाले. पण म्हणून युरोप म्हणजे सोप्पं असं समजू नका. कोर्स इंग्रजीत असला तरी पॅरिसमधल्या बऱ्याच नोकऱ्यांना चांगलं फ्रेंच लागतं, आणि हा सध्या रात्री अकाउंटिंगचं संपवून क्रियापदं घोकतोय.

हां, आता फाईल.

नियम साधारण असा की साडेसात लाखांच्या वरच्या एज्युकेशन लोनला सरकारी बँका तारण मागतात. काही बँकांच्या नावाजलेल्या कॉलेजांच्या स्वतःच्या याद्या असतात, त्या यादीत कॉलेज असेल तर एका मर्यादेपर्यंत विनातारण मिळतं, पण आम्हाला ती मर्यादा पुरत नव्हती. शिवाय परदेशासाठी साधारण १५ टक्के मार्जिन, म्हणजे खर्चातला आपला वाटा, आपल्या खिशातून. एनबीएफसीवाले, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्या, विनातारण पटकन देतात पण व्याज जास्त. तारण म्हणजे आमच्याकडे एकच, मुलुंड पूर्वचा फ्लॅट. बिल्डिंग १९८४ ची, बाबांनी तो १९९६ मध्ये रिसेलमध्ये घेतलेला. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाने पहिल्याच भेटीत विचारलं, बिल्डर आणि पहिला मालक यांच्यातला मूळ करारनामा कुठे आहे? बाबांनी अभिमानाने झेरॉक्स पुढे केली. वकील म्हणाला, ओरिजिनल. आणि तिथून पुढे आमचे जे दिवस गेले ते मी शत्रूला पण नको म्हणेन.

कागदांची साखळी लागते, म्हणजे बिल्डरकडून पहिल्या मालकाला आणि पहिल्याकडून आपल्याला असे सगळे करार, सलग, मूळ प्रती, स्टॅम्प ड्युटी भरलेली, रजिस्ट्रेशनची पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) सकट. त्यावर आपल्या नावाचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मंजूर नकाशा, ओसी म्हणजे बिल्डिंग राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, प्रॉपर्टी टॅक्सची पावती. यातलं एक हरवलं की पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद, मग वकिलामार्फत नवशक्ती आणि फ्री प्रेसमध्ये जाहीर नोटीस, चौदा दिवस कुणाची हरकत येते का बघायचं, सब-रजिस्ट्रारकडून सर्टिफाइड कॉपी, प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड. पेपरात आपल्या फ्लॅटचा नंबर छापून आलेला बघून वरच्या मजल्यावरच्या काकू लगबगीने खाली आल्या, "विकताय का हो?" आईला ते दोन दिवस पुरलं.

हे सगळं चालू असताना एनओसीवर सेक्रेटरींची सही हवी, तर सेक्रेटरी काका शिमग्याला गावी, आणि सोसायटीचा शिक्का त्यांच्या कपाटात कुलपात. खजिनदार आमच्याच घरातला पण स्वतःच्याच एनओसीवर तो कसा सही करणार. काकांना फोन लावला की पालखी आमच्या वाडीत आलीय, आवाज ऐकू येत नाही. ते आले तेव्हा सोबत आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन आले आणि उभ्या उभ्या सही ठोकली, त्यामुळे रागावताही येईना. मग बँकेचा व्हॅल्युअर आला, टेपने हॉल मोजला, बाल्कनी आत घेतलीय याची वहीत नोंद केली, बाबांचा चेहरा पडला. ती बाल्कनी आत घेतलेली नाही अशी बिल्डिंगमध्ये एकही जागा नाही, पण लिहिलं आमच्याच नावावर.

तरी आमचं नशीब बरं. माझ्या एका मैत्रिणीचं घर गिरगावात, पागडीचं. त्या जागेच्या भावाच्या गप्पा ऐकल्या तर वाटेल यांना लोनची गरजच काय, पण पागडीत आपण कायद्याने भाडेकरू, मालक वेगळा, त्यामुळे बँकेला तारण म्हणून दाखवायला हातात काहीच नाही. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या घरांचं पण तेच दुखणं, जुनं पाडलं, नवीन उभं राहिलेलं नाही, भाड्याच्या घरात बसून तारण कशाचं देणार. शिवडी-परळ-लालबाग पट्ट्यातली किती हुशार पोरं या एका कारणाने जास्त व्याजाचं विनातारण लोन घेत असतील. त्या मैत्रिणीने शेवटी प्रॉडिजी फायनान्सकडून लोन घेतलं, ते पुढच्या कमाईचा अंदाज बांधून देतात, तारण नाही, को-अ‍ॅप्लिकंट नाही. पण कर्ज डॉलरमध्ये, म्हणजे परत येऊन रुपयांत कमवायचं ठरवलं तर रुपया घसरेल तसा हप्ता चढणार. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळीसच्या आत होता, आता नव्वदीच्या घरात आहे, काय ते समजा.

एक गोष्ट मात्र मुंबईकरांना फार सोयीची आहे आणि लोक तिकडे बघतच नाहीत. जे. एन. टाटा एंडाउमेंट, १८९२ पासून चालू आहे, के. सी. महिंद्रा, नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन, या सगळ्यांची ऑफिसं आपल्याच दक्षिण मुंबईत. हे देतात ती लोन स्कॉलरशिप, महिंद्रा आणि सेखसरियाची तर बिनव्याजी, फेडायची असते पण बँकेपेक्षा किती सुसह्य. अर्ज वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतात, म्हणजे कॉलेजचा निकाल येत असतो तेव्हाच, आणि नंतर लक्षात आलं की वर्ष गेलं. मुलाखत असते, तयारी करून जायचं, "पैसे हवेत" हे उत्तर नसतं. इन्लॅक्सच्या नादाला लागू नका, ते बिझनेसच्या शिक्षणाला देत नाहीत. चेव्हनिंग यूकेसाठी आहे, दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, एमबीएच्या फीला मर्यादा असते आणि नंतर दोन वर्षं परत यावं लागतं. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे निकष दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा, कारण त्यात खरी शिष्यवृत्ती आहे, कर्ज नव्हे. धाकट्याला वरच्या ट्रस्टांपैकी एकाकडून लोन स्कॉलरशिप मिळाली, त्यातून मार्जिन मनीचा बराचसा खड्डा भरला.

युरोने मात्र मारलं. लोन मंजूर होतं रुपयांत आणि फी जाते युरोत. २०२५ च्या जानेवारीत मी एक्सेल केलं तेव्हा युरो नव्वदच्या आसपास होता, वर्ष संपेपर्यंत त्याने शंभरी केव्हाच ओलांडली होती. लाख युरोच्या फीमध्ये युरो एक रुपयाने वाढला की आपले एक लाख जातात, इतकं सरळ आहे ते. बँकेकडे मंजुरी वाढवून मागायची तर पुन्हा सगळी प्रक्रिया, म्हणून बाबांच्या एफडी मोडल्या. कुणी आता करत असेल तर अंदाज बांधताना दहा-बारा टक्के जास्त धरूनच लोन मागा, न उचललेल्या पैशावर व्याज लागत नाही. आणि टीसीएसचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या टॅक्सचं, ध्यानात ठेवा, एप्रिल २०२५ पासून बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पाठवलेल्या पैशावर टीसीएस नाही, पण स्वतःच्या पैशातून पाठवलं तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर कापतात. रिटर्न भरताना ते जमा धरलं जातं, पण तोपर्यंत पैसे अडकतात. ही मर्यादा पाठवणाऱ्या माणसामागे असते, म्हणून आम्ही राहण्याचा खर्च एकाच खात्यातून न पाठवता बाबांच्या आणि आईच्या वेगवेगळ्या पाठवतो, त्यांचेच पैसे त्यांच्याच खात्यांतून.

आणि आता नवऱ्याचं. को-अ‍ॅप्लिकंट म्हणजे साक्षीदार अशी समजूत असते लोकांची, प्रत्यक्षात कर्ज जितकं त्याचं तितकंच माझं. माझ्या सिबिल रिपोर्टमध्ये ते आख्खं दिसतं. आम्ही घोडबंदरला टू बीएचके बघून ठेवला होता, होम लोनला गेलो तर मला मिळू शकणारी रक्कम धाडकन खाली, कारण हप्ता सुरू व्हायचा असला तरी बँक तो धरूनच चालते. तेव्हा तो बोलला. फार नाही, "आधी सांगितलं असतं तर आपलं लोन आधी काढलं असतं" एवढंच, आणि मुद्दा बरोबर होता. ज्या बहिणी-भावांचं स्वतःचं घर घ्यायचं बाकी आहे त्यांनी हा क्रम आधी घरात बोलून घ्यावा.

शेवटचं इन्कम टॅक्सचं ८०ई कलम, कारण सीएकडे मी भांडून आले त्यावरून. एज्युकेशन लोनच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण फक्त जुन्या टॅक्स रेजीममध्ये आणि फक्त स्वतःच्या, नवरा-बायकोच्या, मुलांच्या किंवा आपण ज्याचे कायदेशीर पालक आहोत त्याच्या शिक्षणाला. भाऊ त्यात येत नाही. म्हणजे लोनवर माझी सही, व्याज मी भरलं, तरी मला शून्य. बाबांना मिळते कारण मुलगा आहे, पण त्यांच्या पेन्शनवर टॅक्सच लागत नाही. धाकट्याला मिळते, पण तो कमावणार युरोपात. सीए म्हणाले, मॅडम, तुम्ही व्याज भरू नका, बाबांना भरू दे आणि घरात हिशोब करा. घरात हिशोब म्हणजे काय होतं ते सीएंना भाऊ नसावा म्हणून माहीत नसेल. सध्या तरी शिकत असतानाचं व्याज बाबांच्या खात्यातून जातंय, हप्ता सुरू होईल तेव्हा धाकटा तिकडून पाठवेल असं ठरलंय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "फ्लॅट-लोन" नावाचा आमचा तिघांचा ग्रुप आहे ज्यात आईला घेतलेलं नाही.